परतीची वाट : अल्पखर्चिक द्विमार्गी दूरदृश्य संवादाचा इतिहास आणि खानदेशातील महाविद्यालये

प्रस्तावना

शिक्षण ही मुळात संवादाची प्रक्रिया आहे. वर्गात अध्यापक बोलतो, विद्यार्थी ऐकतो आणि जेथे समजत नाही तेथे तो अध्यापकाला थांबवतो. हे थांबवणे दूर अंतरावरून शक्य करावयाचे असेल, तर दोन वाटा लागतात. एक वाट अध्यापकाचे शब्द व चित्र विद्यार्थ्यापर्यंत नेते. दुसरी वाट विद्यार्थ्याचा प्रश्न अध्यापकापर्यंत आणते. प्रस्तुत लेखात पहिलीस 'जाणारी वाट' आणि दुसरीस 'परतीची वाट' असे म्हटले आहे. दोन्ही वाटा एकाच वेळी, विनाविलंब चालू असणे म्हणजेच द्विमार्गी दूरदृश्य संवाद होय.

या संवादाचा इतिहास सामान्यतः यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. उपग्रह आला, मग संगणक आला, मग भ्रमणध्वनी आला, अशी त्याची मांडणी असते. निधीच्या बाजूने हाच इतिहास वाचला, तर त्यात एक वेगळी सुसंगती आढळते. ज्या ज्या वेळी पैसा अपुरा पडला, त्या त्या वेळी काटछाट प्रामुख्याने परतीच्या वाटेवर झाली. व्याख्यान पोहोचले, प्रश्न पोहोचला नाही. ही सुसंगती दाखवणे आणि मर्यादित निधीत द्विमार्गी व्यवस्था उभारू इच्छिणाऱ्या खानदेशातील महाविद्यालयांना त्यातून काय शिकता येईल, याचा विचार करणे हा या लेखाचा उद्देश आहे.

अभ्यासक्षेत्र

येथे खानदेश म्हणजे आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे. नंदुरबार हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. या तीन जिल्ह्यांसाठी १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. विद्यापीठाचे मुख्यालय कार्यक्षेत्राच्या पूर्व भागात असल्याने सातपुड्यातील धडगाव जळगावपासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर पडते. २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण जळगाव जिल्ह्यात सुमारे १४ टक्के, धुळ्यात सुमारे ३२ टक्के, तर नंदुरबारमध्ये सुमारे ६९ टक्के आहे. घरात अहिराणी, लेवा, भिली वा पावरी बोलणारा विद्यार्थी महाविद्यालयात प्रमाण मराठी आणि इंग्रजी ऐकतो. अशा विद्यार्थ्याला मध्येच थांबवून विचारण्याची गरज इतरांपेक्षा अधिक असते. म्हणून परतीच्या वाटेचा प्रश्न खानदेशात तांत्रिक सोयीपुरता उरत नाही. शिकण्याची संधी कोणाला मिळते, हाच तो प्रश्न आहे.

चित्र एकीकडून, आवाज दोन्हीकडून

चित्रासहित संवादाच्या पहिल्या प्रसिद्ध प्रयोगातच खर्चाचा पेच दिसून येतो. ७ एप्रिल १९२७ रोजी अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला हर्बर्ट हूव्हर यांचे चालते चित्र तारेवरून पाठवले. हूव्हर पुढे त्या देशाचे अध्यक्ष झाले. या प्रयोगात आवाज दोन्हीकडून जात होता, चित्र मात्र एकाच दिशेने जात होते. दोन्ही दिशांनी चित्र पाठवणारी व्यवस्था त्याच कंपनीने १९३० मध्ये न्यूयॉर्कमधील आपल्या दोन इमारतींमध्ये उभारली. जर्मनीत १ मार्च १९३६ पासून बर्लिन व लाइपझिग या शहरांदरम्यान जनतेसाठी चित्रदूरध्वनीची सेवा सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात ती बंद पडली.

१९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात एटी अँड टीने 'पिक्चरफोन' लोकांपुढे ठेवला आणि १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात त्याची व्यावसायिक सेवा सुरू केली. तिचे मासिक शुल्क १६० डॉलर होते. साध्या दूरध्वनीच्या आवाजाला सुमारे ४ किलोहर्ट्‌झ एवढी वहनक्षमता पुरते. पिक्चरफोनच्या चित्राला सुमारे १ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे जवळजवळ अडीचशे पट वहनक्षमता लागत होती. इतका खर्च सोसणारे ग्राहक फारसे मिळाले नाहीत आणि काही वर्षांतच सेवा गुंडाळावी लागली. चित्र आणि आवाज यांच्या खर्चातील हे अंतर लक्षात ठेवण्याजोगे आहे. आधुनिक तंत्राने ते कमी केले, पण नाहीसे केले नाही.

स्वस्त द्विमार्गी चित्राचा खरा प्रारंभ १९९२ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात झाला. तेथे तयार झालेली 'सीयू-सीमी' ही आज्ञावली साध्या मॅकिंटॉश संगणकावर चालत असे. चित्र कृष्णधवल, अवघे १६० बाय १२० बिंदूंचे, आणि चित्राचा जेवढा भाग बदलला असेल तेवढाच पुढे पाठवला जाई. अनेक ठिकाणे जोडावयाची असल्यास 'रिफ्लेक्टर' नावाची मधली आज्ञावली प्रत्येकाचे चित्र एकदाच घेऊन इतरांना वाटत असे. ही युक्ती साधी असली तरी तिचे गणित महत्त्वाचे आहे. दहा केंद्रांनी एकमेकांना थेट चित्र पाठवावयाचे ठरवले, तर एकूण ९० प्रवाह लागतात आणि प्रत्येक केंद्रावर नऊ प्रवाह पाठवण्याचा भार पडतो. मध्यस्थ ठेवला की प्रत्येक केंद्राला एकच प्रवाह पाठवावा लागतो. आजच्या बहुतेक दूरदृश्य सभा याच तत्त्वावर चालतात. आरंभी या आज्ञावलीत आवाजाची सोय नव्हती. ती नंतर जोडली गेली. माणसे एकमेकांना दिसली, तरी आवाजावाचून संवाद अपुरा राहतो हे त्यावरून स्पष्ट झाले.

भारतातील एकमार्गी प्रारंभ

भारतात हा विषय आला तो उपग्रहाच्या मार्गाने. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात 'साईट' हा उपग्रहीय शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग झाला. अमेरिकेच्या नासा संस्थेचा एटीएस-६ हा उपग्रह त्यासाठी वर्षभर उपलब्ध झाला होता. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश व कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसवण्यात आले आणि दररोज चार तास कार्यक्रम प्रक्षेपित झाले. महाराष्ट्र या प्रयोगात नव्हता.

साईट ही जगाच्या दृष्टीने मोठी घटना होती. तथापि तिच्यात परतीची विद्युत् वाट नव्हती. खेड्यातील प्रेक्षकाला काय समजले, हे कळण्यासाठी संशोधक गावात राहून निरीक्षणे नोंदवीत. प्रश्न असेल तर तो संशोधकाच्या वहीतून, आठवड्यांनी वा महिन्यांनी निर्मात्यापर्यंत जाणार. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी इन्सॅट उपग्रहाच्या आधारे सुरू केलेला 'देशव्यापी वर्ग' हा महाविद्यालयीन कार्यक्रमही याच घडणीचा होता. त्याला वर्ग असे नाव मिळाले, परंतु त्यातील विद्यार्थ्याला हात वर करता येत नव्हता.

यात कार्यक्रमकर्त्यांचा दोष काढणे अन्यायाचे होईल. उपग्रहाकडून ग्रहण करणारे केंद्र स्वस्त पडते. उपग्रहाकडे पाठवणारे केंद्र महाग पडते. एका प्रक्षेपण केंद्राचा खर्च हजारो श्रोत्यांत वाटला जातो, पण परतीच्या वाटेचा खर्च प्रत्येक श्रोत्यामागे नव्याने करावा लागतो. अर्थसंकल्पात म्हणूनच ती प्रथम गळते.

नर्मदेपलीकडचा प्रयोग

या पेचातून मार्ग काढणारा एक प्रयोग खानदेशच्या अगदी शेजारी झाला आणि तो आपल्याकडे पुरेसा अभ्यासला गेलेला नाही. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, नोव्हेंबर १९९६ मध्ये मध्य प्रदेशातील झाबुआ जिल्ह्यात विकास-संप्रेषण प्रकल्प सुरू केला. त्या वेळी आजचा अलिराजपूर जिल्हा झाबुआतच होता आणि आजचा नंदुरबार जिल्हा धुळ्यात होता. म्हणजे १९९६ मध्ये झाबुआ आणि धुळे हे दोन जिल्हे नर्मदेच्या दोन काठांवर समोरासमोर होते. दोन्हीकडे भिल्ल-भिलाला वस्ती, दोन्हीकडे डोंगराळ प्रदेश आणि दळणवळणाची तीच अडचण.

झाबुआत १५० खेड्यांत ग्रहण संच बसवले गेले आणि दररोज सायंकाळी आरोग्य, शेती, पाणी, शिक्षण, पंचायत या विषयांवर कार्यक्रम दाखवले जात. शिवाय जिल्ह्यातील बाराही विकासखंडांच्या मुख्यालयी उलट बोलण्याची, म्हणजे 'टॉकबॅक'ची केंद्रे उभारण्यात आली. तेथे जमलेल्या कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना अहमदाबादच्या स्टुडिओतील तज्ज्ञांना थेट प्रश्न विचारता येत. चित्र एकमार्गी, आवाज द्विमार्गी अशी ही रचना होती. १९२७ मधील हूव्हर यांच्या प्रयोगाची रचनाही हीच होती. फरक एवढाच की, तेव्हा दुसऱ्या दिशेचे चित्र तंत्राच्या आवाक्याबाहेर होते आणि झाबुआत खर्चाचा विचार करून त्यावर जाणीवपूर्वक पाणी सोडले गेले.

झाबुआच्या रचनेत दोन गोष्टी विचारपूर्वक ठरलेल्या दिसतात. पहिली ही की, परतीचे चित्र सोडले तरी परतीचा आवाज सोडला नाही. दुसरी ही की, प्रत्येक खेड्याला बोलण्याचे यंत्र देणे शक्य नव्हते, तेव्हा ते विकासखंडाच्या ठिकाणी दिले, जेथे परिसरातील माणसे येऊ शकतील. अर्थात १५० ग्रहण केंद्रांना १२ बोलकी केंद्रे हे प्रमाण अल्पच होते. तरीही मर्यादित निधीचे वाटप करताना परतीची वाट आरंभीच आराखड्यात धरली होती, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

एज्युसॅट : संख्येत दडलेले सत्य

२० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून 'एज्युसॅट' हा उपग्रह सोडण्यात आला. केवळ शिक्षणासाठी वाहिलेला हा भारताचा पहिला उपग्रह. त्याच्या पथदर्शी टप्प्यात तीन विद्यापीठे सहभागी होती : कर्नाटकातील विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ, मध्य प्रदेशातील राजीव गांधी तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नाशिकच्या विद्यापीठामुळे ही योजना उत्तर महाराष्ट्राच्या दारापर्यंत आली.

एज्युसॅटच्या जाळ्यात दोन प्रकारची केंद्रे होती. काही केंद्रे पाहू आणि बोलू शकत. उरलेली केवळ पाहू शकत. इस्रोने दिलेल्या आकडेवारीनुसार या योजनेत एकूण ५६,१६४ शाळा-महाविद्यालये जोडली गेली. त्यांपैकी ४,९४३ केंद्रे परस्परसंवादी, तर ५१,२२१ केंद्रे केवळ ग्रहण करणारी होती. म्हणजे शंभर केंद्रांमागे जेमतेम नऊ केंद्रांना बोलण्याची सोय होती. योजनेचा गौरव सामान्यतः छप्पन्न हजार या आकड्याने केला जातो. द्विमार्गी शिक्षणाच्या दृष्टीने विचार करता खरा आकडा पाच हजारांहूनही कमी ठरतो.

उपग्रहीय संवादाला निसर्गाचीही एक मर्यादा आहे. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद जातो. हा विलंब लहान वाटतो, पण त्यामुळे दोघे एकाच वेळी बोलू लागतात आणि दोघेही थांबतात. त्यामुळे कोणी केव्हा बोलावे याची शिस्त घालून देणारा संचालक अशा वर्गात अपरिहार्य ठरतो. सप्टेंबर २०१० मध्ये एज्युसॅटची सेवा संपुष्टात आली. तोपर्यंत देशाचे लक्ष जमिनीवरील तारांकडे वळले होते.

ब्रॉडबँडची व्याख्या आणि विषम वाट

भारत सरकारने २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. त्यात ब्रॉडबँड जोडणीसाठी सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेगाची अट होती. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली. तिन्ही व्याख्यांत अट आहे ती डाउनलोडच्या वेगाची. ग्राहकाकडून पाठवण्याच्या, म्हणजे अपलोडच्या, किमान वेगाबद्दल त्या व्याख्या मौन बाळगतात. अध्यापकाचे व्याख्यान विद्यार्थ्यापर्यंत येणे हे डाउनलोड, आणि विद्यार्थ्याचा प्रश्न अध्यापकाकडे जाणे हे अपलोड. परतीची वाट धोरणाच्या शब्दांतूनच वगळली गेली आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

तंत्रही त्याच वळणाचे होते. २००५ पासून भारत संचार निगमने दूरध्वनीच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून जी ब्रॉडबँड सेवा दिली, ती एडीएसएल पद्धतीची होती. या पद्धतीच्या नावातील पहिल्याच अक्षराचा अर्थ 'विषम' असा आहे. तिच्या १९९९ च्या मानकात ग्राहकाकडे येण्याचा वेग सेकंदाला सुमारे ८ मेगाबिटपर्यंत, तर ग्राहकाकडून जाण्याचा वेग सुमारे १ मेगाबिटपर्यंत आहे. ग्राहक मुख्यतः पाहणार आणि क्वचितच पाठवणार, हे गृहीत धरून ही वाट बांधलेली होती.

३ फेब्रुवारी २००९ रोजी माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे राष्ट्रीय शिक्षण अभियान सुरू झाले. त्याखाली विद्यापीठांना सेकंदाला १ गिगाबिटची, तर महाविद्यालयांना प्रत्येकी ५१२ किलोबिटच्या वीस जोडण्या देण्याची योजना होती. मार्च २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञानजालास ५,९९० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मान्यता मिळाली. विद्यापीठाच्या आवारात रुंद वाट आणि महाविद्यालयात अरुंद वाट, अशी ही श्रेणी होती. तीन जिल्ह्यांत विखुरलेल्या संलग्न महाविद्यालयांचा विचार करता, जळगावहून व्याख्यान देणे सोपे आणि धडगावहून प्रश्न विचारणे अवघड, असाच या रचनेचा व्यावहारिक अर्थ होतो.

याच अभियानाच्या साहाय्याने मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली दहा हजार अध्यापकांच्या प्रशिक्षणाचा उपक्रम राबवला. देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत दूरस्थ केंद्रे उघडण्यात आली. अमृता विद्यापीठाने विकसित केलेली 'ए-व्ह्यू' ही आज्ञावली, साधा कॅमेरा, ध्वनिग्राहक, प्रक्षेपक आणि इंटरनेटची जोडणी एवढ्या सामग्रीवर ही केंद्रे चालत. प्रश्न विचारू इच्छिणारे केंद्र संकेत देई आणि संचालक त्या केंद्राला पुढे आणी. महागड्या दूरदृश्य दालनाऐवजी सामान्य वर्गखोलीत द्विमार्गी संवाद चालू शकतो, हे या उपक्रमाने दाखवून दिले. त्याच्या यशात यंत्राइतकाच माणसाचा वाटा होता. प्रत्येक केंद्राच्या समन्वयकाला आधी मुंबईत प्रशिक्षण दिले जाई आणि मुख्य कार्यशाळेच्या वेळी तो आपल्या केंद्रातील अध्यापकांसोबत उपस्थित असे. अल्पखर्चिक व्यवस्थेचे अंदाजपत्रक करताना हा माणूस बहुधा हिशेबात धरला जात नाही.

'हजर' असणे म्हणजे काय?

दूरदृश्य माध्यमातून माणूस खरोखर हजर असतो काय, या प्रश्नाचे भारतातील सर्वांत महत्त्वाचे उत्तर शिक्षणक्षेत्राबाहेर, न्यायालयात मिळाले, आणि तेही महाराष्ट्रातील एका खटल्यात. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात अमेरिकेतील एका डॉक्टरांची साक्ष दूरदृश्य प्रणालीने नोंदवावी की नाही, हा मुद्दा होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्यास नकार दिला होता. १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. उपस्थितीचा अर्थ केवळ शारीरिक उपस्थिती असा घेण्याचे कारण नाही; साक्षीदार दिसतो, त्याचे बोलणे ऐकू येते, त्याची उलटतपासणी घेता येते, तेव्हा कायद्याचा हेतू साधतो, असा त्या निकालाचा आशय आहे.

पुढे २०१८ मध्ये स्वप्निल त्रिपाठी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण करण्यास अनुकूल निर्णय दिला आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांच्या सुनावण्या नियमितपणे प्रक्षेपित होऊ लागल्या. न्यायव्यवस्थेने येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. पक्षकार, वकील व साक्षीदार यांच्यासाठी द्विमार्गी प्रणाली. इतर नागरिकांसाठी एकमार्गी प्रक्षेपण. नागरिकाला पाहण्याचा अधिकार आहे, पण खटल्यात बोलण्याचे कारण नाही, म्हणून त्याला एकच वाट पुरते. शिक्षणक्षेत्राने हा भेद अद्याप पुरेशा स्पष्टपणे केलेला नाही. वर्गातील विद्यार्थी हा प्रेक्षक आहे की पक्षकार? तो पक्षकार असेल, तर त्याला केवळ प्रक्षेपण दाखवून त्याची उपस्थिती मांडणे तर्काला धरून नाही.

टाळेबंदीचा काळ : २०२०-२१

मार्च २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी लागू झाली आणि हा सैद्धांतिक प्रश्न प्रत्येक अध्यापकाच्या दारात आला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक आणि १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. शालेय स्तरावर २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. घरोघरी पोहोचण्याच्या दृष्टीने तो उपयुक्त मार्ग होता. पण रचनेने तो साईटच्याच परंपरेतील, म्हणजे एकमार्गी होता.

महाविद्यालयांनी मुख्यतः झूम व गूगल मीट यांचा आधार घेतला. झूमच्या विनाशुल्क योजनेत एका सभेला शंभर सहभागी आणि चाळीस मिनिटे अशी मर्यादा होती. म्हणून अनेक ठिकाणी वक्ते व मोजके निमंत्रित झूमवर, आणि उरलेले सर्व यूट्यूबच्या थेट प्रक्षेपणावर, अशी व्यवस्था झाली. एज्युसॅटमधील बोलकी व मुकी केंद्रे येथे पुन्हा अवतरली. यूट्यूबवरील श्रोत्यास लेखी अभिप्राय देता येई. परंतु प्रक्षेपण काही सेकंद मागे असल्याने त्याचा प्रश्न पोहोचेपर्यंत वक्ता पुढे गेलेला असे. वेबिनारच्या अहवालात नोंदणीची संख्या ठळकपणे येई, विचारल्या गेलेल्या प्रश्नांची संख्या क्वचितच येई.

नियमित ऑनलाइन वर्गांतही विद्यार्थ्यांचे कॅमेरे बंद आणि ध्वनिग्राहक मूक असणे हा सर्वत्र आलेला अनुभव आहे. त्यामागे विद्यार्थ्यांची अनास्था होती, असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. मर्यादित डेटा, क्षीण सिग्नल, एका भ्रमणध्वनीवर दोन-तीन भावंडे, घरातील गलबला आणि प्रमाण भाषेत बोलण्याचा संकोच ही कारणेही तितकीच खरी होती. वाट कागदोपत्री द्विमार्गी होती, वापरात ती एकमार्गी झाली. यावरून असे दिसते की, परतीची वाट तांत्रिकदृष्ट्या उपलब्ध असणे पुरेसे नाही. ती चालती राहावी म्हणून वेगळी तरतूद करावी लागते.

अल्प निधीतील व्यवस्थेसाठी काही सूत्रे

वरील इतिहासातून महाविद्यालयांना उपयोगी पडतील अशी काही सूत्रे निघतात.

१. आवाज आधी, चित्र नंतर. 'ओपस' या २०१२ मध्ये मानक म्हणून स्वीकारलेल्या संकेतनपद्धतीत स्पष्ट बोलण्यास सेकंदाला सुमारे २४ किलोबिट पुरतात. साध्या चित्राला तीनशे ते सहाशे किलोबिट लागतात. म्हणजे ५१२ किलोबिटच्या एका वाटेवर कागदोपत्री वीस जणांचे आवाज किंवा एखादेच साधे चित्र जाऊ शकते. निधी कमी असेल, तर उत्तम कॅमेऱ्यापेक्षा उत्तम ध्वनिग्राहकावर खर्च करावा. सभागृहात ध्वनिक्षेपकाचा आवाज पुन्हा ध्वनिग्राहकात शिरून प्रतिध्वनी होतो. म्हणून बोलणाऱ्याने कळ दाबून बोलण्याचा ध्वनिग्राहक अधिक सोयीचा ठरतो.

२. जोडणी घेताना अपलोडचा वेग विचारावा. जाहिरातीतील आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. केंद्रावरून प्रत्यक्ष चाचणी घेऊन दोन्ही वेग नोंदवून ठेवणे इष्ट होय.

३. घरोघरी वाट पोहोचत नसेल, तर झाबुआप्रमाणे तालुक्याच्या ठिकाणी बोलके केंद्र असावे. चोपडा, शिरपूर, शहादा, अक्कलकुवा यांसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयांत एक खोली, एक संगणक, एक प्रक्षेपक आणि वीज गेल्यास काम चालू ठेवणारी बॅटरी एवढी सामग्री असली, तरी तीस-चाळीस विद्यार्थ्यांना मिळून एक परतीची वाट लाभते.

४. वेळेचीही वहनक्षमता असते. ४८ मिनिटांच्या तासिकेत व्याख्यानाला २८ मिनिटे दिली, तर प्रश्नांना २० मिनिटे उरतात. दहा केंद्रे जोडली, तर प्रत्येकास दोन मिनिटे मिळतात. साठ केंद्रे जोडली, तर प्रत्येकास वीस सेकंद. यापुढे केंद्रे वाढवणे म्हणजे संवादाचे प्रक्षेपणात रूपांतर करणे होय.

५. केंद्रावर स्थानिक बोली जाणणारा समन्वयक असावा. विद्यार्थ्याने अहिराणीत वा पावरीत विचारलेला प्रश्न तो अध्यापकापर्यंत नेऊ शकतो. त्याच्या मानधनाची तरतूद यंत्रसामग्रीच्या तरतुदीबरोबरच व्हावी.

निष्कर्ष

१९२७ पासून आजपर्यंतच्या या आढाव्यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, निधीच्या टंचाईचा भार एकसारखा परतीच्या वाटेवर पडत आला आहे. साईटमध्ये ती नव्हती, एज्युसॅटमध्ये ती शंभरातील नऊ केंद्रांना मिळाली आणि ब्रॉडबँडच्या व्याख्येत तिला स्थान नाही. दुसरी, ही काटछाट अटळ नव्हती. झाबुआत आणि दहा हजार अध्यापकांच्या उपक्रमात मर्यादित साधनांतही परतीचा आवाज राखता आला, कारण तो आराखड्यात आरंभीच धरला होता. तिसरी, यंत्र स्वस्त झाल्याने प्रश्न आपोआप सुटत नाही. २०२० नंतर द्विमार्गी साधन जवळजवळ विनाशुल्क झाले, तरी विद्यार्थी बहुधा मूकच राहिला.

खानदेशाच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. ज्याचे घर विद्यापीठापासून सर्वांत दूर, ज्याची बोली वर्गाच्या भाषेपासून सर्वांत वेगळी आणि ज्याच्याकडील सिग्नल सर्वांत क्षीण, तोच विद्यार्थी एकमार्गी व्यवस्थेत सर्वप्रथम गप्प होतो. महाविद्यालयांच्या प्रस्तावांत आणि अहवालांत 'जोडलेली केंद्रे' व 'सहभागींची संख्या' यांचे रकाने असतात. त्यांच्या शेजारी 'बोलू शकणारी केंद्रे' आणि 'विद्यार्थ्यांनी विचारलेले प्रश्न' असे आणखी दोन रकाने घालण्यास कोणताही खर्च येत नाही. द्विमार्गी संवादासाठी केलेल्या खर्चाचे मूल्यमापन या दोन रकान्यांवरून व्हावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.